कुमाऊंचा वसंत : हिमशिखरे दिसण्याचे मोजके दिवस

फाल्गुन सरता सरता महाराष्ट्रात उन्हाचा चटका जाणवू लागतो. पळस फुलून झडण्याच्या बेतात असतो, माठ बाहेर निघतात आणि विदर्भात पारा चाळिशीकडे झेपावू लागतो. नेमक्या त्याच सुमारास उत्तरेला, हिमालयाच्या मधल्या रांगांत, थंडीने नुकता पाय मागे घेतलेला असतो. तेथील अंगणांत माणसे सावली शोधत नाहीत, तर ऊन शोधतात. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गहू हिरवा असतो, बांधाला मोहरीची पिवळी कड असते, आणि शेतांच्या वर, जंगलाच्याही वर, क्षितिजभर पसरलेली हिमशिखरांची रांग असते. उत्तराखंडातील कुमाऊं हा असाच एक प्रदेश. अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागढ, चंपावत, नैनिताल आणि तराईतील ऊधमसिंहनगर असे सहा जिल्हे त्यात मोडतात. मराठी वाचकाला हा भाग बहुधा जिम कॉर्बेट यांच्या नरभक्षक वाघांच्या कथांतून ठाऊक असतो. वाघाइतकाच तेथील वसंतही पाहण्याजोगा आहे, आणि तोही वाघासारखाच, हवा तेव्हा दर्शन देत नाही.

हे शेवटचे विधान जरा उलगडून सांगायला हवे. हिमालयात गेले की हिमालय दिसतोच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात, मे महिन्याच्या शालेय सुटीत कौसानीला किंवा अल्मोड्याला जाणाऱ्या असंख्य कुटुंबांना समोरच्या दोन डोंगरांपलीकडे काहीही न दिसता परतावे लागते. हॉटेलच्या गच्चीवर शिखरांची नावे लिहिलेला फलक असतो, आणि फलकावरच्या बाणांच्या दिशेला राखाडी पडदा असतो. यात त्या कुटुंबांचा दोष नाही आणि हॉटेलवाल्याचाही नाही. शिखरे दिसण्याचे दिवस हवेच्या एका विशिष्ट घडामोडीतून जन्माला येतात आणि दुसऱ्या घडामोडीत विरून जातात. वसंतात हा अवकाश साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. महाराष्ट्रातील परीक्षांच्या वेळापत्रकाशी त्याचा अजिबात मेळ बसत नाही.

निरभ्रतेचे गणित

हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारे हे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन थडकतात. मैदानात त्यांच्यामुळे पाऊस पडतो, उंचावर बर्फ. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य काळ. रब्बीचा गहू, सफरचंदाच्या बागा, उन्हाळ्यात नद्यांना मिळणारे पाणी हे सारे या पावसाशी बांधलेले आहे. पर्यटकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे : हा पाऊस हवा धुऊन काढतो. दोन दिवस ढगांनी काळवंडून गेले, रात्री गारठा वाढला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आकाश लख्ख झाले, की कुमाऊंच्या कोणत्याही उंच धारेवरून शिखरे अशी दिसतात की जणू हात लांबवावा आणि बर्फाला स्पर्श करावा. अनुभवी प्रवासी म्हणूनच पावसाच्या दिवसाला नावे ठेवीत नाहीत, उलट त्यानंतरचा एक दिवस हाताशी राखून ठेवतात.

एप्रिल उजाडला की चित्र पालटते. मैदाने तापतात, तापलेली हवा वर चढते आणि तिच्याबरोबर गंगेच्या खोऱ्यातील धूळ, धूर व पश्चिमेकडील वाळवंटी भागातून आलेले धूलिकण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोचतात. हिवाळ्यात ही घाण मैदानावरच, धुक्याच्या थराखाली दबून राहिलेली असते, तेव्हा डोंगरावरची हवा तिच्या वर असते. उन्हाळ्यात मात्र डोंगर त्या थरात बुडून जातात. पंजाब-हरियाणातील गव्हाच्या कापणीनंतर शेतात जाळले जाणारे काड आणि कुमाऊंच्या स्वतःच्या जंगलांतील वणवे यांची त्यात भर पडते. जूनअखेर मान्सून आला की ढग सारेच झाकून टाकतात.

केवळ शिखरे पाहायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ वसंतापेक्षा सरस आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवे. पावसाळ्याने धुतलेली ती हवा आठवडेच्या आठवडे स्वच्छ राहते. पण तेव्हा जंगल उतरणीला लागलेले असते. फुलोरा आणि हिमशिखरे एकाच नजरेत सामावण्याची सोय फक्त वसंतात आहे.

दिवसातील वेळेचेही असेच गणित आहे. पहाटे दऱ्यांत धुके साचलेले असते आणि शिखरे उघडी असतात. ऊन चढले की उतार तापतात, दरीतली हवा उतारावरून वर सरकू लागते, तिच्यातील बाष्प शिखरांपाशी जाऊन ढग बनते. दहा-अकरा वाजेपर्यंत मोठ्या शिखरांनी अंगावर ढगांची शाल ओढून घेतलेली असते. सायंकाळी कधी कधी ती पुन्हा बाजूला होते. त्यामुळे न्याहारी आटोपून सावकाश बाहेर पडणारा प्रवासी बहुतेक वेळा उशिराच पोचतो. ऊन खाण्यासाठी दुपार आहे, पाहण्यासाठी सकाळ.

नंदादेवीचे आप्तस्वकीय

कौसानी हे सुमारे १,८९० मीटर उंचीवरचे छोटे गाव एका धारेवर वसले आहे. एका बाजूला सोमेश्वरचे खोरे, दुसऱ्या बाजूला गरुड-बैजनाथचे. धारेवरून उत्तरेकडे पाहिले असता पश्चिमेला चौखंबापासून पूर्वेला थेट नेपाळच्या दिशेपर्यंत शिखरांची माळ दिसते. त्यात सर्वांत आधी लक्ष वेधून घेते ते त्रिशूल, उंची ७,१२० मीटर. त्याच्या उजवीकडे, जरा मागे, दिसते ती ७,८१६ मीटरची नंदादेवी, म्हणजे संपूर्णपणे भारतीय भूमीवर असलेले सर्वोच्च शिखर. नवख्या माणसाला त्रिशूलच अधिक उंच वाटते. यात डोळ्यांची चूक नाही. कौसानीपासून त्रिशूलाचे हवाई अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर आहे, नंदादेवीचे सत्तरच्या घरात. जवळचे ठेंगणे शिखर दूरच्या उंच शिखरावर मात करते, इतकेच.

या शिखरांची नावे म्हणजे एका घराची मांडणी आहे. नंदा ही पार्वतीचेच रूप, कुमाऊं आणि गढवाल या दोन्हींची कुलस्वामिनी. नंदाकोट हा तिचा गड, नंदाखाट ही तिची शेज, नंदाघुंटी हा तिचा पदर, आणि त्रिशूल अर्थातच शिवाचे. तिला येथे देवी मानतात, पण लेक म्हणूनही वागवतात. गढवालातील नंदादेवी राजजात ही मोठी यात्रा म्हणजे माहेरी आलेल्या लेकीची सासरी पाठवणी असते. परंपरेने बारा वर्षांनी होणारी ही यात्रा २०१४ साली निघाली होती. पर्वतारोहणाच्या इतिहासातही या दोन शिखरांना मान आहे. टॉम लाँगस्टाफ यांनी १९०७ साली त्रिशूल सर केले, तर १९३६ साली बिल टिलमन आणि नोएल ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर पोचले. नंदादेवीच्या पायथ्याचे आतले खोरे १९८३ पासून गिर्यारोहकांसाठी बंद करण्यात आले आणि १९८८ मध्ये ते जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. म्हणजे सामान्य प्रवाशाला नंदादेवी पाहायची ती दुरूनच.

कौसानीला 'भारताचे स्वित्झर्लंड' हे बिरूद पर्यटनाच्या फलकांवर मिरवते. त्याने गावाचे फारसे भले झालेले नाही. स्वित्झर्लंड शोधत आलेल्याला येथे काँक्रीटची हॉटेले दिसतात, आणि कुमाऊं पाहायचे राहून जाते. महात्मा गांधी जून १९२९ मध्ये येथे राहिले होते आणि गीतेच्या त्यांच्या गुजराती अनुवादाची, 'अनासक्तियोगा'ची, प्रस्तावना त्यांनी येथेच पुरी केली. अल्मोड्याच्या डोंगरांत काही आठवडे काढल्यावर, आपली माणसे प्रकृतीसाठी युरोपात कशाला जातात याचे नवल वाटते, असे त्यांनी 'यंग इंडिया'त लिहिले. ते राहिले ती जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. त्यांच्या शिष्या सरलाबेन यांनी १९४६ साली मुलींसाठी स्थापन केलेला लक्ष्मी आश्रमही येथेच आहे. हिंदी कवी सुमित्रानंदन पंत यांचा जन्म १९०० साली कौसानीत झाला. त्यांच्या जुन्या घरात छोटेखानी संग्रहालय आहे, आणि ते पाहायला फार थोडे लोक जातात.

हिमालयाच्या पायी प्रवासाचे वर्णन करणाऱ्या भारतीय लेखकांत साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी ते पुस्तक गुजरातीत लिहिले, ही मराठीला थोडी हुरहुर लावणारी गोष्ट.

अल्मोड्यापासून तीसेक किलोमीटरवरचे बिनसर हे दुसरे ठिकाण. सुमारे २,४०० मीटरपर्यंत चढत गेलेल्या या डोंगरावरचे जंगल १९८८ पासून अभयारण्य आहे. वरच्या टोकाला, 'झीरो पॉइंट' नावाच्या जागेपर्यंत, बांज आणि बुरांशच्या झाडीतून पायवाट जाते. वाटेवर शेवाळ्याने मढलेली खोडे, खाली ओलसर पाचोळा, आणि झाडी संपताच एकाएकी उघडणारे क्षितिज. कौसानीत रस्त्यावरून जे दिसते ते येथे चालून कमवावे लागते, म्हणून ते अधिक लक्षात राहते.

मुनस्यारीची गोष्ट वेगळी. पिथौरागढ जिल्ह्यातील हे गाव सुमारे २,२०० मीटरवर आहे आणि त्याच्या समोर उभी ठाकलेली पंचचुली शिखरे अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर आहेत. अंतर कमी, म्हणून हवेतील धूसरपणाचा उपद्रवही कमी. कौसानीतून काही दिसेनासे झाल्यावरही मुनस्यारीतून पंचचुली दिसते, असे अनेकदा घडते. पाचांपैकी सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटरचे. नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक येथे केला, त्यांच्या या पाच चुली, अशी समजूत आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पंचचुली गावाच्या पूर्व-ईशान्येला असल्याने सूर्य तिच्या मागच्या अंगाने वर येतो. सकाळी तिच्या कडा तेवढ्या उजळतात. खरा सोहळा सूर्यास्ताचा. पश्चिमेचा उजेड सरळ बर्फावर पडतो आणि चुली पेटल्यासारख्या होतात. नाव कुणी आणि कोणत्या वेळी ठेवले असेल, हे तेव्हा उमगते.

मुनस्यारी हे जोहार खोऱ्याचे दार आहे. १९६२ पर्यंत या खोऱ्यातील शौका व्यापारी तिबेटशी लोकर आणि मिठाचा व्यापार करीत. वसंतात बर्फ वितळू लागले की शेळ्या-मेंढ्यांवर माल लादून त्यांचे तांडे वरच्या गावांकडे निघत. त्याच खोऱ्यातील मिलम गावचे पंडित नैनसिंह रावत पावले मोजत ल्हासापर्यंत गेले, आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ज्यांच्यासाठी वसंत म्हणजे वाट मोकळी होणे होते, त्या लोकांचा हा प्रदेश आहे.

जंगलातील फुलोरा

वसंताचा राजा बुरांश. उत्तराखंडाने त्याला राज्यवृक्षाचा मान दिला आहे, आणि नेपाळने गुरांस या नावाने राष्ट्रीय पुष्पाचा. साधारण १,५०० मीटरच्या वर हे झाड दिसू लागते. खालच्या उंचीवर फुले गर्द लाल असतात. जसजसे वर जावे तसतसा रंग निवत जातो, गुलाबी होतो, आणि बरेच वर काही ठिकाणी जवळजवळ पांढरा. फुलणेही खालून वर सरकते. त्यामुळे खाली फुलोरा संपला म्हणून हळहळणाऱ्याने चारशे-पाचशे मीटर वर जावे, तेथे तो अजून चालू असतो. पळसाने माळ पेटतो असे मराठीत म्हणतात. बुरांशचे तसे नाही. त्याचे पान रुंद, गडद हिरवे आणि सदाहरित असल्याने लाल गुच्छ हिरव्यावर ठिपक्यांसारखे उठून दिसतात, आणि पाठीमागे बर्फ असले तर ते चित्र डोळ्यांत मावत नाही. फुलांच्या पाकळ्यांचे सरबत घरोघरी करतात. आंबटगोड चवीचे हे सरबत रस्त्याकडेच्या दुकानांत बाटल्यांतून विकायला असते.

बुरांशच्या बरोबरीने, किंबहुना थोडे आधी, फळझाडे फुलतात. रामगढ आणि मुक्तेश्वर हा कुमाऊंचा फळबागांचा पट्टा. पीच, अलुबुखार, जर्दाळू यांच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी-पांढऱ्या होतात. बांधांवर मेहल, म्हणजे जंगली नासपती, पांढरीशुभ्र होऊन उभी असते. खडकांच्या कपारीत प्युलीची पिवळी फुले येतात. गढवालात तिला फ्योंली म्हणतात. काही प्रवासवर्णनांत जंगली चेरीचे, म्हणजे पदमचे, नाव वसंताच्या यादीत घातलेले आढळते. पदम फुलते ते नोव्हेंबर-डिसेंबरात, हिवाळ्याच्या तोंडावर. तेव्हा मधमाश्यांना दुसरा आधार नसतो.

एप्रिलच्या पुढे काफल पिकू लागते. तांबूस, बारीक, बीच मोठी असलेली ही रानफळे मुले टोपल्यांतून रस्त्याकडेला विकतात. मिठाबरोबर खातात. त्याच दिवसांत एक कोकिळकुळातील पक्षी चार स्वरांत अखंड ओरडत असतो. आपल्याकडे पावशाच्या ओरडण्यात शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येते. कुमाऊंत या पक्ष्याच्या ओरडण्यात एका मुलीचे शब्द ऐकू येतात. काफल पिकले, पण मी चाखले नाही, असे ती सांगते, अशी कथा आहे. आईने काफलांची टोपली राखायला सांगून लेकीला घरी ठेवले, उन्हाने फळे सुकली, टोपली कमी भरलेली दिसली. लेकीने खाल्ली असे समजून आईने रागाच्या भरात तिला मारले, त्यात ती गेली. संध्याकाळच्या दमट हवेत फळे पुन्हा फुगली आणि टोपली पूर्ववत भरली. ऊन हे या डोंगरांत निव्वळ सुखाचे साधन नाही, याची ही आठवण.

उंबरठ्यावरची फुले

महाराष्ट्रात चैत्र पाडव्यापासून मोजतात. कुमाऊंतील सणवार बहुतांशी सौर महिन्यांवर चालतात, त्यामुळे तेथे चैत्र संक्रांतीला, म्हणजे १४ किंवा १५ मार्चला लागतो. त्या दिवशी फुलदेई असते. लहान मुले पहाटे उठून बुरांश, प्युली, पीचची फुले गोळा करतात आणि गावातील प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर वाहतात. घर भरलेले राहो, दार मंगल असो, अशा आशयाची गाणी म्हणतात. घरातील बायका त्यांच्या टोपलीत तांदूळ, गूळ आणि नाणी घालतात. जमलेल्या तांदळाचे मग गोडधोड होते. एवढाच हा सण. ना मंदिर, ना मिरवणूक. रोजगारासाठी दिल्ली, लखनौकडे गेलेल्या कुटुंबांमुळे डोंगरातील अनेक घरांना आज कुलपे आहेत, आणि फुले वाहणारी मुलेही कमी झाली आहेत. कुलूप असलेल्या दाराच्या उंबरठ्यावरही फुले ठेवून पुढे जाणारी मुले मात्र आजही दिसतात.

चैत्र हाच माहेरच्या आठवणीचा महिना. या महिन्यात भाऊ किंवा वडील विवाहित लेकीच्या सासरी भिटौली घेऊन जातात. पुऱ्या, मिठाई, कपडे असे तिचे स्वरूप असते. भाऊ दूर नोकरीला असला तर टपालाने मनीऑर्डर जाई. भिटौलीमागेही एक पक्षी आहे, घुघुती म्हणजे कवडा. दमून आलेला भाऊ बहीण झोपलेली पाहून, तिला न उठवताच भिटौली ठेवून उपाशी परत गेला. जागी झाल्यावर बहिणीने हाय खाल्ली आणि तिचा पक्षी झाला. चैत्रात चैत्रगौर माहेरी येते, तिच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे होते, त्या प्रदेशातील वाचकाला हे सारे परके वाटू नये. पर्यटकाला घुघुतीचा घुमणारा आवाज दुपारच्या उन्हात सतत ऐकू येतो, आणि तो रम्य वाटतो. गावातील बाईला तो तसा वाटत नाही.

होळीच्या सुमारास अल्मोड्यात असलेल्या प्रवाशाने बैठकी होळी चुकवू नये. पौषातल्या पहिल्या रविवारपासून सुरू होणाऱ्या या बैठकांत घरोघरी हार्मोनियम-तबल्यावर रागदारीतील होळ्या गायिल्या जातात, आणि प्रत्येक वेळेचा राग ठरलेला असतो.

पिरूल आणि वणवा

या वसंताला ज्याचे भय आहे ते जंगलाच्या जमिनीवर पसरलेले असते. कुमाऊंच्या मधल्या उंचीवर चीड या सूचिपर्णी वृक्षाची मोठी जंगले आहेत. वसंत आणि उन्हाळ्यात चीडाच्या सुया गळतात, त्यांना पिरूल म्हणतात. तपकिरी, गुळगुळीत, राळेने भरलेला हा थर वाळला की ठिणगीचीच वाट पाहत असतो. त्याच्या उलट बांज. त्याच्या पाचोळ्याखाली जमीन ओली राहते, झरे टिकतात, गुरांना पाला मिळतो. जेथे बांज तेथे पाणी, हे पहाडातील प्रत्येक बाईला ठाऊक असते, कारण पाणी भरायचे काम तिचेच आहे.

वणव्यांचा अधिकृत हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानला जातो. म्हणजे फुलोऱ्याचा आणि वणव्याचा हंगाम बरोबरच सुरू होतो. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. नव्या गवतासाठी माळ जाळणे, शेतातील कचरा पेटवणे, विडी-सिगारेटचे थोटूक टाकणे ही नेहमीची कारणे. त्यामागे इतिहासही आहे. ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी येथील जंगले राखीव केली आणि गावकऱ्यांचे पिढीजात हक्क आवळले. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयूत बुडवण्यात आल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊंची राखीव जंगले ठिकठिकाणी पेटली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या आगींचा अभ्यास करून त्यांना प्रतिकाराचे रूप मानले आहे. पुढे १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले आणि जंगलाचा काही भाग गावांच्या हाती परतला. जंगल आपले वाटले तर माणूस आग विझवायला धावतो, हे वनपंचायतींच्या अनुभवातून वारंवार दिसले आहे.

२०२४ चे वर्ष यादृष्टीने वाईट गेले. त्या वर्षीचा जानेवारी उत्तराखंडात जवळजवळ कोरडा होता. पश्चिमी झंझावात रुसले, डोंगरमाथे उघडे राहिले. एप्रिलच्या अखेरीस नैनितालच्या आसपासची जंगले पेटली तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने तलावातील पाणी उचलून आगीवर ओतावे लागले. १३ जून रोजी बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्यांचे वाहन आगीने वेढले गेले आणि चौघांचा मृत्यू झाला. ज्या पायवाटेने पर्यटक हिमशिखरे पाहायला चढतात, त्याच डोंगराच्या अंगावर हे घडले. त्यानंतर पिरूल गावकऱ्यांकडून विकत घेण्याच्या योजनांना पुन्हा जोर आला. पिरूल गोळा करणे हे कष्टाचे आणि निसरड्या उतारावरचे काम आहे. मोबदला पुरेसा मिळाला तरच ते होते.

कोरड्या, उबदार हिवाळ्याचा दुसरा परिणाम अधिक शांतपणे घडतो. बुरांश लवकर फुलू लागला आहे. जुन्या वनस्पतिसंग्रहांतील वाळवलेल्या नमुन्यांवरच्या तारखा आणि अलीकडील निरीक्षणे ताडून पाहिल्यावर, गेल्या शतकभरात बुरांशचा फुलोरा अलीकडे सरकल्याचे मध्य हिमालयातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडले. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी जानेवारीतच लाल झाडे दिसल्याच्या बातम्या येतात, आणि समाजमाध्यमांवर त्या कौतुकाने फिरतात. त्यात कौतुक करण्यासारखे थोडेच आहे. फुलदेईच्या टोपलीत बुरांश मिळावा, तर तो मार्चच्या मध्यावर झाडावर असायला हवा.

प्रवासाबाबत

काठगोदाम हे रेल्वेचे शेवटचे स्थानक, दिल्लीहून तेथे थेट गाड्या आहेत. तेथून अल्मोडा सुमारे ९० किलोमीटर, अल्मोड्याहून कौसानी सुमारे ५० किलोमीटर. रस्ते वळणाचे असल्याने किलोमीटरांवरून वेळेचा अंदाज बांधू नये. मुनस्यारीला अल्मोड्याहून अख्खा दिवस लागतो, आणि वाटेतील काळामुनी खिंडीत मार्चमध्येही बर्फ पडून रस्ता काही काळ अडू शकतो. शेअर जीप सर्वत्र मिळतात, पण दुपारनंतर त्यांची संख्या रोडावते.

मुक्काम दोन दिवसांचा ठरवणाऱ्यांचे निकाल नशिबावर असतात. एकाच ठिकाणी तीन-चार रात्री काढल्यास एक तरी सकाळ लख्ख मिळण्याची शक्यता बरीच वाढते. त्यापेक्षा कमी सवड असेल तर हवामान खात्याचा अंदाज पाहून, झंझावाताच्या मागोमाग पोचेल असा बेत आखावा. मे महिन्याशिवाय रजा मिळणे शक्यच नसेल, तर कौसानीऐवजी मुनस्यारी निवडणे शहाणपणाचे.

मार्चमध्ये दुपारचे तापमान विशीच्या आसपास असले तरी पहाट दहा अंशांच्या खाली असते, म्हणून लोकरीचे कपडे हवेतच. उलटपक्षी उन्हाला कमी लेखू नये. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यातील मोठा हिस्सा परावर्तित करते. थंड वाऱ्यात चटका जाणवत नाही, त्वचा मात्र दुसऱ्या दिवशी सोलून निघते. मुनस्यारीहून खलिया टॉपला, सुमारे ३,५०० मीटरपर्यंत, चढणाऱ्यांनी गडद चष्मा नेलाच पाहिजे, आणि एक दिवस मुनस्यारीत थांबून मग चढावे.

चीडाच्या जंगलात चहासाठीसुद्धा विस्तव पेटवू नये, सिगारेटचे थोटूक खिडकीतून टाकू नये. धूर दिसल्यास जवळच्या वनचौकीला किंवा निदान पहिल्या दुकानदाराला सांगावे, तो पुढचे पाहतो. बुरांशच्या फांद्या तोडून गाडीला लावण्याची एक टूम निघाली आहे. सरबत हवे असेल तर ते गावातील बचतगटांच्या बायकांकडून घ्यावे. घरी आणलेली बाटली उघडल्यावर शीतकपाटात ठेवावी लागते, आणि एक भाग सरबताला चार भाग पाणी पुरते.